गवताची उंची आणि दोडक्याचा वेल



अमेरिकेत एचओए असलेल्या वसाहतीत नवं घर घेतलेल्या दोन मैत्रिणींनी या वसंतात मला एकच प्रश्न विचारला. (एचओए म्हणजे घरमालकांची संघटना, आपल्याकडच्या हाउसिंग सोसायटीची अमेरिकन बहीण.) पुढे थोडी फुलं आणि मागे थोडी भाजी लावायची आहे, पण नियमावली म्हणते की पुढच्या अंगणात तीन फुटांवर काही नको, बाजूला चार फूट, मागे सहा. मग लावायचं तरी काय?

नावांची यादी देऊन मी मोकळी झाले असते. पण हे तीन-चार-सहा फूट आले कुठून, हा प्रश्न मला गेली दोन वर्षं सतावतोय. त्यासाठी जे वाचलं ते यादीपेक्षा जास्त सांगण्यासारखं आहे. यादी शेवटी देतेच.

आधी आपली अडचण मांडते, कारण ती शेजारच्या अमेरिकन बाईंची नाही. उंचीची अट असली की इथले बागकामाचे सल्लागार सांगतात, बुटक्या भाज्या लावा: लेट्यूस, गाजर, बीट, मुळा, कांदा. सल्ला चांगला आहे, पण आपल्या कामाचा नाही. कंदमुळं अनंतकाय, एका शरीरात अनंत जीव. त्यामुळे बटाटा, कांदा, लसूण, गाजर, मुळा, बीट, रताळं, सुरण हे सगळं बाद. शिवाय कंद उपटला की झाडच संपतं. शेंग तोडली तरी वेल उभा राहतो. मग आपल्या पानात उरतं काय? दुधी, दोडका, घोसावळं, कारलं, पडवळ, घेवडा, वाल, चवळी, भेंडी, गवार, टोमॅटो. पुन्हा एकदा वाचा ही नावं. जवळजवळ सगळं वर चढणारं. दोडक्याचा वेल पंधरा फूट सहज जातो, भेंडीसुद्धा पाच फूट होते. ज्यांचं खाणं जमिनीखाली दडतं त्यांची बाग नियमात बसते. ज्यांचं खाणं मांडवावर लोंबतं त्यांना पत्र येतं.

सांगली-कोल्हापूरकडच्या आपल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. बाकी भारतात जैन म्हटलं की दुकान आणि पेढी डोळ्यांसमोर येते; आपल्याकडे जैन म्हणजे शेतकरी. आदिनाथ भगवंतांनी लोकांना जी सहा कर्मं शिकवली त्यांत असि आणि मसिच्या जोडीला कृषीही आहे, हे आपल्याकडे अभिमानानं सांगतात. घराच्या पुढे अंगण, मागे परडं. अंगणात पूजेची चार फुलं, परड्यात भांडी घासलेल्या पाण्यावर वाढलेला दुधी, गोठ्याच्या छपरावर चढलेला. पुढे शोभेचं आणि मागे कामाचं ही वाटणी आपल्याकडेही होतीच. फक्त छपरावरचा दुधी टेप लावून कुणी मोजत नव्हतं.

आता इतिहास. हिरवळ, म्हणजे लॉन, ही मुळात इंग्लंडच्या जमीनदारांची हौस. ज्या जमिनीत काही पिकवायची गरज नाही एवढी जमीन आपल्याकडे आहे, हे दाखवायचा तो मार्ग होता. गवत कापायला विळ्या-कोयत्यांची फौज लागे, म्हणून सामान्य माणसाला ते परवडत नसे. 1830 साली ग्लॉस्टरशायरमधल्या एडविन बडिंगनं गवत कापायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. कापड गिरणीत लोकरी कापडावरची लव कातरणारं यंत्र पाहून त्याला ते सुचलं होतं. तिथून पुढे गालिच्यासारखं गवत मध्यमवर्गाच्या आवाक्यात आलं.

अमेरिकेत त्याला रस्ता मिळाला उपनगरांमुळे. 1869 च्या सुमारास फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट वॉक्स यांनी शिकागोजवळ रिव्हरसाइड नावाची वसाहत आखली. (हेच शिकागो, जिथे 1893 साली वीरचंद गांधी धर्मपरिषदेत जैन धर्मावर बोलले.) घर रस्त्यापासून तीस फूट मागे हवं, आणि घर व रस्ता यांच्यामध्ये मालकानं एक-दोन झाडं राखावीत, असा ओल्मस्टेडचा आग्रह. गंमत बघा, त्यानं झाडं मागितली होती. पुढच्यांनी ती तीस फुटांची मोकळी पट्टी घेतली आणि तिच्यावर गवताचं राज्य बसवलं. 1870 मध्ये फ्रँक स्कॉट नावाच्या लेखकानं छोट्या उपनगरी घरांच्या बागांवर जाडजूड पुस्तक लिहिलं. त्याच्या मते तुळतुळीत कापलेलं गवत हाच घराच्या सौंदर्याचा पाया, आणि उंच कुंपणाआड आपली बाग लपवणं हे शेजारधर्माला आणि ख्रिस्ती माणसाला न शोभणारं. उंची म्हणजे काहीतरी दडवणं, हा संशय इथे छापील झाला. आजच्या नियमावल्यांत तो अजून तसाच आहे.

पण एका लेखकाचं मत शेजाऱ्यावर सक्तीचं होत नाही. ती सक्ती आणली विकासकांनी, खरेदीखतातून. कॅन्सस सिटीचे जे. सी. निकोल्स यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या कंट्री क्लब डिस्ट्रिक्टमध्ये घरांच्या करारांत अटी घातल्या, त्या मुदत संपली की आपोआप पुन्हा लागू व्हाव्यात अशी सोय केली, आणि त्या राबवायला घरमालकांच्या संघटना उभ्या केल्या. आजच्या एचओएची आई तीच. त्या करारांत घर किती मागे असावं हे होतं, आणि ते कुणाला विकायचं नाही हेही होतं. कृष्णवर्णीयांना.

मध्ये एक वेगळा काळ येऊन गेला, तो मला फार आवडतो. दुसऱ्या महायुद्धात सरकारनंच सांगितलं की घरोघरी भाजी पिकवा. 1943 मध्ये एलिनॉर रूझवेल्ट यांनी व्हाइट हाउसच्या आवारात भाजी लावायला लावली. देशभरात सुमारे दोन कोटी ‘व्हिक्टरी गार्डन’ झाल्या आणि देशाच्या ताज्या भाजीतला जवळपास 40 टक्के वाटा त्यांतून आला, असा अंदाज सांगतात. पुढच्या अंगणात वाटाण्याच्या काठ्या उभ्या राहिल्या. त्या कुणाच्या डोळ्यांत खुपल्या नाहीत. उलट तीच देशभक्ती.

युद्ध संपलं आणि दोन वर्षांत सगळं उलटलं. 1947 पासून लेव्हिट कुटुंबानं न्यू यॉर्कजवळ लाँग आयलंडवर लेव्हिटाउन बांधायला घेतलं. सतरा हजारांवर घरं, सगळी एका साच्याची. ही जमीन आधी कशाची होती? बटाट्याच्या शेतांची! अनंतकाय गेलं आणि त्याच्या जागी एकेंद्रियांची कापणी आली, असं मी घरी म्हटलं तर सगळे हसले. या घरांच्या करारात कुंपण घालायचं नाही, शनिवार-रविवारी बाहेर कपडे वाळत घालायचे नाहीत आणि आठवड्यातून एकदा गवत कापायचं, अशा अटी होत्या. वडील अब्राहम लेव्हिट यांना बागेचं खरंच प्रेम होतं. त्यांनी फळझाडंही लावून दिली, आणि हिरवळ कशी राखावी यावर ते स्थानिक वर्तमानपत्रात सदर लिहीत. त्याच करारात, गवताच्या अटीच्या शेजारी, घर फक्त गोऱ्या वंशाच्या लोकांनीच वापरायचं हीदेखील अट होती. घरातली मोलकरीण तेवढी अपवाद.

हे वाचून मी थोडा वेळ पुस्तक बाजूला ठेवलं. एकाच कागदावर गवताची उंची आणि माणसाची कातडी. 1948 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की वंशाच्या अटी न्यायालयांनी अमलात आणायच्या नाहीत. 1965 च्या कायद्यानं आपल्यासारख्यांना या देशाचं दार उघडलं, 1968 च्या कायद्यानं घर विकताना वंशभेद करणं बेकायदा ठरवलं. कागदावरची ती ओळ मेली. शेजारच्या ओळी राहिल्या. 1970 मध्ये देशात सुमारे 10000 संघटना होत्या, आज साडेतीन लाखांहून जास्त. ज्या वसाहतींत पूर्वी आपल्याला राहता आलं नसतं त्यांत आज आपण राहतो, मंदिरं बांधतो. आचार्य सुशीलकुमारजींनी 1983 मध्ये इथे न्यू जर्सीतच सिद्धाचलम तीर्थ उभारलं. दोडका मात्र अजून दाराबाहेरच आहे.

सगळे नियम वंशभेदातून आले असं मी म्हणत नाही, तसं म्हणणं अन्यायाचं होईल. रस्त्याच्या कोपऱ्यावरचं झुडूप अडीच-तीन फुटांच्या खाली ठेवायचं ते वळणाऱ्या गाडीवाल्याला रस्त्यात धावणारं पोर दिसावं म्हणून; हा नियम जीवदयेचाच आहे. शेजाऱ्याच्या खिडकीतलं ऊन अडवू नये, हेही बरोबर. ओस पडलेल्या घरापुढे कमरेएवढं रान माजू नये म्हणून अनेक गावांनी गवताला 8 ते 12 इंचांची मर्यादा घातली आहे. प्रश्न येतो तो गवताचं माप भाजीला लावलं की.

आणि गवताबद्दल आपलं शास्त्र काय म्हणतं? समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार आहेत. त्यांतला एक प्रमादचर्या: काही प्रयोजन नसताना जमीन उकरणं, पाणी सांडणं, अग्नी पेटवणं, वारा घालणं, वनस्पती तोडणं. आता आमच्या गल्लीतला शनिवार बघा. हिरवळीला हवा मिळावी म्हणून मातीत भोकं पाडायची, कारंज्यानं पाणी मारायचं, पेट्रोलचं यंत्र पेटवायचं, गवत कापायचं, आणि उरलेलं वाऱ्याच्या यंत्रानं उडवायचं. पाचही एका सकाळी! ते गवत गाईच्याही पोटात जात नाही. गवत कापणाऱ्याला नावं ठेवायची नाहीत मला. आमच्याकडेही ह्यांना ते करावंच लागतं, नाहीतर दंड होतो. पण गृहस्थाला जी आरंभी हिंसा टळत नाही ती पोटासाठी घडते. पोटासाठी वेल लावला तर तो उंच झाला म्हणून पत्र, आणि प्रयोजनाशिवाय गवत कापलं नाही तर तेही पत्र, असा हा पेच आहे.

आमच्याकडे पत्र आलं ते दोन वर्षांपूर्वी, ऑगस्टमध्ये. सासूबाई इथे होत्या. सांगलीहून आणलेलं दोडक्याचं बी त्यांनी घराच्या बाजूला, काठ्यांच्या मांडवावर चढवलं होतं. नियमात चार फुटांची अट ‘कुंपण आणि बांधकाम’ यांना होती, झाडाचा उल्लेख नव्हता. समितीनं काठ्यांनाच बांधकाम ठरवलं. 14 दिवसांत काढून टाका. वेलाला तेव्हा वीसेक दोडके लागलेले, पिवळी फुलं वेगळीच. सासूबाईंचा चातुर्मास चालू होता, पालेभाजी बंद. म्हणजे त्या वेलाशिवाय आणि घेवड्याशिवाय हिरवं काही त्यांच्या ताटात नव्हतंच. त्या एवढंच म्हणाल्या, “फळावर आलेला वेल मी नाही तोडणार. तुम्हालाही तोडू देणार नाही.” मी समितीच्या बैठकीला गेले. धर्माबद्दल बोलायचं की नाही हे दाराशी पोचेपर्यंत ठरत नव्हतं. शेवटी बोलले, साध्या शब्दांत: आम्ही जमिनीखालचं खात नाही, म्हणून आमची भाजी वर वाढते; आणि चालता वेल मारणं आम्हाला जड जातं, दहिवर पडलं की तो आपोआप जाईल. एका निवृत्त गृहस्थांनी विचारलं, दहिवर कधी पडतं? ऑक्टोबरच्या मध्यावर, म्हटलं. तोपर्यंत मुदत मिळाली. पुढच्या वर्षी बाजूला मांडव नाही, हेही तिथेच लेखी दिलं. माणसं वाईट नव्हती. त्यांच्या हातातला कागद जुना होता.

तो कागद इतर ठिकाणी थोडाथोडा बदलतोय. 2011 मध्ये मिशिगनच्या ओक पार्कमध्ये पुढच्या अंगणात भाजी लावली म्हणून एका बाईंवर 93 दिवसांपर्यंत कैद होऊ शकेल असा खटला भरला होता. गवगवा झाल्यावर तो मागे घेतला. फ्लोरिडात मायामी शोअर्स इथे एका जोडप्यानं सतरा वर्षं राखलेली पुढची भाजीबाग 2013 च्या नव्या नियमानं काढायला लावली, रोज 50 डॉलर दंडाची भीती घालून. ते न्यायालयात हरले, पण 2019 मध्ये राज्यानंच कायदा केला की गावांनी भाजीबागांवर बंदी घालायची नाही. इलिनॉयचा तसाच कायदा 2022 च्या सुरुवातीपासून आहे, मात्र उंचीचे सर्वसाधारण नियम त्यानं गावांकडेच ठेवले. आपल्याला जास्त उपयोगी दोन आहेत, कारण ते थेट एचओएला लागू होतात. कॅलिफोर्नियात 2015 पासून मागच्या अंगणात घरापुरती भाजी पिकवण्यावर संघटनेला अवाजवी बंधन घालता येत नाही. मेरीलँडमध्ये 2021 पासून फुलपाखरं-मधमाश्यांसाठी लावलेल्या बागांना तसं संरक्षण आहे. एका जोडप्याला संघटनेनं हिरवळच लावा म्हटल्यावर झालेल्या भांडणातून तो कायदा निघाला. तुमचं राज्य कोणतं ते बघा आणि कायदा स्वतः वाचा.

आता यादी, म्हणजे खरं तर आखणी.

बी विकत घेण्याआधी नियमावलीत तीन गोष्टी शोधा. उंची कुठून मोजतात, मूळ जमिनीपासून की वाफ्याच्या काठापासून? दीड फुटाचा उंच वाफा केला आणि माप जमिनीपासून असेल तर तुमचा दीड फूट तिथेच गेला. काठ्या-जाळीला झाड म्हणतात की बांधकाम? आणि अट सगळ्या जागेला आहे की फक्त रस्त्यावरून दिसणाऱ्या भागाला? उत्तर फोनवर घेऊ नका, ईमेलवर घ्या.

पुढचं अंगण फुलांना द्या. झेंडूत दोन जाती मिळतात: फ्रेंच म्हणतात तो बुटका, सहा ते बारा इंच, आफ्रिकन म्हणतात तो मोठ्या गोंड्याचा, तीन फुटांपर्यंत जाणारा. पुढे बुटकाच. दोन्ही मूळचे मेक्सिकोकडचे, फ्रान्स-आफ्रिकेशी त्यांचा जन्माचा संबंध नाही. तसे मिरची आणि टोमॅटोही याच खंडातले, आपल्याकडे पोर्तुगीजांच्या काळात आले. उलट ज्याला ‘केंटकी’चं गवत म्हणून मिरवतात ते युरोपातून आलेलं. तेव्हा परकं कोण, हे कुणी विचारलंच तर सांगता येईल. झेंडूच्या ओळीमागे मिरचीची रोपं लावा. दीड-दोन फुटांवर थांबतात, आणि लाल मिरच्या लागल्या की लोक शोभेचं झाड समजतात. आमच्यासारख्या घरी पूजेत फुलं चालतात; ज्यांच्याकडे चालत नाहीत त्यांनीही मधमाश्यांसाठी लावावीत, भाजीला फळ धरायला त्याच लागतात.

बाजूच्या चार फुटांत बुटका घेवडा, ढोबळी मिरची आणि टोमॅटोची ठरावीक उंचीवर थांबणारी जात. पाकिटावर ‘डिटर्मिनेट’ लिहिलेलं बघूनच घ्या. दुसरी जात सात-आठ फूट जाते. भेंडीच्याही तीन-साडेतीन फुटी बुटक्या जाती मिळतात. वांगं मी लावत नाही, आमच्याकडे बहुबीज म्हणून वर्ज्य आहे.

वेल मागे. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, वेलाची लांबी म्हणजे उंची नव्हे. पंधरा फुटांचा दोडका उभा केला तर नियम मोडतो, आडवा केला तर नाही. जाळी उभी न लावता जमिनीपासून साडेचार-पाच फुटांवर आडवा मांडव घाला, खाली दोडके लोंबायला जागा राहते. वाकून तोडावे लागतात, पण तोडता येतात. वेल मांडवावर पोचला की शेंडा खुडा, म्हणजे बगलफुटी येतात आणि तो पसरतो. मांडव वाफ्याच्या उत्तर बाजूला हवा, नाहीतर त्याची सावली बाकीच्या भाजीवर पडते. दुधीला आमच्याकडे मांडवच नाही. वाळल्या गवतावर पसरू देते. फळं थोडी वाकडी होतात.

माती उकरत नाही. जुन्या वाफ्यावरच पालापाचोळा आणि वर नवी माती, म्हणजे गांडुळं आणि बाकी जीव जागच्या जागी राहतात. औषध फवारत नाही. कोबीवर्गातलं लावलंच नाही तर अर्ध्या अळ्यांचा प्रश्न येत नाही, हा माझा अनुभव. भाजी दिवसा उजेडीच तोडायची, पान उलटून बघून.

वेळापत्रक मध्य न्यू जर्सीचं सांगते. दोडका आणि दुधी एप्रिलच्या मध्यावर घरात कुंड्यांत पेरायचे, मेच्या मध्यानंतर बाहेर लावायचे. मेथी-कोथिंबीर मात्र एप्रिलमध्येच बाहेर पेरा आणि आषाढाच्या आत संपवा, कारण इथला भाजीचा हंगाम आणि आपला चातुर्मास नेमके एकाच वेळी येतात. दोडक्याचं एक चांगलं फळ वेलावरच वाळू द्या. दहिवर पडेपर्यंत ते तपकिरी होतं आणि हलवलं की आत बी वाजतं. आमच्या समितीला मांडवाचा नकाशा मार्चअखेर द्यावा लागतो. तुमच्याकडची तारीख हिवाळ्यातच विचारून ठेवा.